वीतभर कापलेला दांडा

एकदा एक परमज्ञानी वृद्ध होता, ज्याच्या हातून एकही मशीन दुरुस्त झाल्यावाचून परत गेलं नाही. तो वृद्ध म्हणजे मीच. आता यात आमच्या घरचा मिक्सर धरायचा नाही. मी हात लावल्यापासून तो नुसता गुरगुरतो आणि बायको चटणी पाट्यावर वाटते. ज्ञानाचं म्हणाल तर सातवीच्या परीक्षेला मी दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा परीक्षाच जिंकली.

तर या वृद्धाला एक शिष्य होता. नाव विलास डोखळे, वय बेचाळीस, टपाल कचेरीत नोकरीला. कथांमधले शिष्य गुरूचे पाय चेपतात. हा मी चहात साखर किती घेतो ते बघून माझ्या घरी जाऊन सांगायचा. मुलीच्या वसतिगृहाचा खर्च पगारात बसेना, म्हणून रविवारी मी त्याला एक जोडधंदा शिकवत होतो. गवत कापायची जुनी मशीनं भंगारातून आणायची, दुरुस्त करायची आणि विकायची. आमच्या गावाबाहेर हमरस्त्याला लग्नाची लॉन्स एकाला एक लागून आहेत. पाहुणे उपाशी राहिले तरी चालेल, पण गवत हिरवंगार आणि कातरलेलं हवं, असा तिथला धर्म. म्हणजे गिऱ्हाईक आयतं.

विलासचं पहिलं मशीन अशाच एका लॉन्सच्या शेटजींनी घेतलं. हातानं ढकलायचं मशीन. ढकललं की गोल फिरणारी पाती खालच्या पट्टीला घासून गवत कातरतात. विलासनं अशी धार लावली होती की वर्तमानपत्राचा कागद धरला तर सर्रकन दोन तुकडे व्हावेत. शिवाय दांड्याला चकचकीत पॉलिश.

"विलासराव," मी म्हणालो, "मशीन विकताय की नवरदेव उभा करताय?"

आठव्या दिवशी नवरदेव परत आला. पात्यांत खडा अडकून एक पातं वाकलेलं. विलासनं सरळ करून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा खडा. तिसऱ्या वेळी शेटजी स्वतः मशीन घेऊन आले.

"डोखळे, ही शेवटची खेप. आता खडा निघाला तर मशीन तुमच्या दारात टाकीन. आणि आम्हा लॉन्सवाल्यांची दर महिन्याला बैठक असते. तिथं तुमचं नाव घेईन, आणि चांगलं घेणार नाही."

विलासचा चेहरा पडला. घरात आणखी चार मशीनं तयार होती आणि ती घेणारे सगळे शेटजींचे शेजारी. नाव गेलं की धंदा सुरू होण्याआधीच मिटला.

"काका, त्यांच्या जमिनीतच खडे असले तर माझा काय दोष?"

मी तिन्ही खडे तळहातावर घेतले. पांढरे, गुळगुळीत, सख्ख्या भावांसारखे. लॉन्सच्या फाटकाशी कारंजं आहे, त्याच्याभोवती शोभेला टाकलेत तसले. आणि गवत पार मागच्या अंगाला.

"खड्याला पाय फुटत नाहीत," मी म्हणालो. "येत्या रविवारी मशीन पोचवायला मीही येतो. येताना लोखंड कापायची करवत घ्या."

रविवारी शेटजी विलासला पुन्हा दम देत होते, तेवढ्यात मी विचारलं, "हे ढकलतं कोण?"

"हौसाबाई. का?"

हौसाबाई आल्या. पदर खोचलेला, नजर तरतरीत, उंची म्हणाल तर मशीन आणि त्या बरोबरीनं उभ्या. मी म्हटलं, "जरा चालवून दाखवा." मूठ त्यांच्या छातीशी येत होती. कोपरं वर काढून त्या अशा ढकलत होत्या, जणू उंचावरची खिडकी उघडतायत. चार पावलं, दम. चार पावलं, दम.

"जड जातं का हो?"

"न्हाई बाबा. जड कशानं?"

"आणि तो खडा?"

"खडा व्हय? देवाची करणी."

"देव कारंज्याजवळ राहतो वाटतं," मी हळूच म्हणालो.

त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हसत होते. माझेही हसायला लागले. मग मी मशीन आडवं केलं, मूठ सोडवली आणि विलासच्या त्या चकचकीत दांड्यावर करवत चालवली.

"काका! माझं पॉलिश!"

"अहो म्हातारबा," शेटजी ओरडले, "चांगल्या मशीनची वाट लावली की!"

"वाट लागलेलंच घेतलंय तुम्ही, शेटजी, घाबरता कशाला?" वीतभर दांडा कापून मी मूठ पुन्हा बसवली. "खडा या तुकड्यातून येत होता. आता येणार नाही."

शेटजींनी तो पोकळ तुकडा डोळ्याला लावून आत पाहिलं आणि मान डोलावली. थोर माणूस.

परतताना विलासनं स्कूटर रस्त्याकडेला थांबवली. म्हणाला, "काका, नळीत खडा नव्हता. खरं सांगा."

तेव्हा वृद्धानं धीरगंभीर स्वरात उपदेश केला. "वत्सा, लहानपणी आई मला रहाट ओढायला लावायची. रहाट पडला बापाच्या मापाचा. मग मी त्याच्या आसात खडा घालायचो. रहाट बंद, मी पारावर. यंत्रं गंजून फार थोडी मरतात. बाकीची ढकलणाऱ्याच्या शिव्यांनी मरतात. तू पात्याची धार पाहिलीस, शेटजींचा चेहरा पाहिलास. ज्या हातांत मशीन रोज राहणार, ते हात कुठवर पोचतात हे पाहिलं नाहीस. विकत घेणारा एकदा भेटतो. वापरणारा रोज भेटतो, फक्त तुला दिसत नाही."

त्यानंतर शेटजींचं मशीन परत आलं नाही. उरलेली चारही गेली, आणि प्रत्येक वेळी पैशांची बोलणी व्हायच्या आधी विलास विचारायचा, "ढकलणार कोण? त्यांना बोलवा." शिष्य तयार झाला असं समजून मी महिनाभर छाती काढून चाललो.

मग एका लग्नाला त्याच लॉन्सवर गेलो. आमंत्रण नव्हतं, पण जिलेबीला ते विचारायचं सुचत नाही. मागच्या अंगाला हौसाबाई मशीन चालवत होत्या. मूठ कमरेशी, चाल कशी झोकात. मी जवळ जाऊन म्हटलं, "काय हौसाबाई, मानलं की नाही म्हाताऱ्याला?"

त्यांनी मशीन थांबवलं, घाम पुसला.

"मशीन लई ब्येस चालतंय, बाबा. इतकं ब्येस, की मालक आता पैसे घिऊन शेजारच्या लॉन्सचं गवत बी मलाच कापायला लावतो. तवा माझी उंची मोजलीत, तर जाता जाता गवताची लांबी-रुंदी बी मोजायची व्हती की!"