डोणीखालची जुनी राळ

खूप जुन्या काळी डोंगरावरच्या एका गावात सगळ्यांचे मिळून एकच न्हाणीघर होते. त्यात दगडाची मोठी डोणी होती. माणूस आत बसून गळ्यापर्यंत पाण्यात न्हात असे. डोंगरावर जागा कमी, म्हणून न्हाणीघराच्या खालीच तळघर होते आणि त्यात गावाचे बियाणे असे. पेरणीआधी तळघर उघडायचे नाही, अशी तिथली रीत होती.

एकदा ती डोणी तडकली. पायथ्याच्या पाथरवटाने नवी घडवली, आणि तो व त्याची बायको बैल जुंपून ती वर घेऊन निघाले. वाटेत दोर तुटले, बैल बसले, हातांची सालटी निघाली. डोणी जागेवर बसली तेव्हा दिवस मावळत होता आणि दोघांच्या अंगात त्राण उरले नव्हते.

आता एकच काम राहिले होते. डोणीच्या तळाच्या भोकात पाणी सोडायची तांब्याची नळी बसवून फट राळेने बुजवायची. नळी जुन्याच डोणीची होती. तिच्या काठाला जुनी राळ चिकटलेली होती आणि त्यावर वर्षानुवर्षे न्हालेल्यांच्या अंगाचे तेल बसले होते.

"अहो, आधी जुनी राळ खरवडा," बायको म्हणाली. "तेलावर नवी धरायची नाही."

"हात उचलत नाही गं."

"मग राहू द्या. उद्या करा. एक दिवस न्हाले नाही म्हणून कोणी मरत नाही."

"उद्या पुन्हा हा डोंगर चढू? नको. एकदाचे संपू दे."

त्याने जुन्या राळेवरच नवी ओतली आणि ओल्या अंगठ्याने गुळगुळीत केली. दिसायला काम सुरेख झाले. बायकोही थकली होती. ती परतीसाठी बैल जुंपू लागली.

गाव खुशीत न्हाऊ लागले. पाणी थेंबाथेंबाने खाली झिरपू लागले, आणि ते कोणाला कळले नाही.

पेरणीच्या तोंडावर बियाणे राखणाऱ्या म्हातारीने तळघर उघडले. पोत्यांतून पांढरेफटक कोंब बाहेर आले होते. उरलेले बी कुजले होते. निरोप मिळताच पाथरवट धावत आला, आणि ते पाहून पायरीवरच बसला.

"आजी, मला शिव्या द्या," तो म्हणाला.

"शिव्या देऊन बी येतंय का, बाबा?" म्हातारी म्हणाली. तिच्यात रागवायचेही बळ नव्हते.

पाथरवटाने जुनी राळ खरवडली. त्याला एक भाकरी भाजायला लागतो तेवढाच वेळ लागला. नवी राळ भरून तो पायथ्याच्या गावांत दारोदार बी मागत फिरला आणि पाठीवर पोती घेऊन डोंगर चढत राहिला. तरी पेरणी उशिरा झाली, निम्मी शेते पडीक राहिली, आणि त्या वर्षी गावातल्या चुली दिवसातून एकदाच पेटल्या.

थकलेल्या माणसाने काम उद्यावर टाकावे, पण अर्ध्या कामाला पूर्ण म्हणू नये.