माहुताची भीती आणि अफूची गोळी

वेत्रवती नदीकाठच्या एका नगरात सुषेण राजाचे राज्य चालू होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या गजशाळेत हत्तीच्या जन्माला आला होता. तिंदुक नावाचा माहूत त्याची देखभाल करी. दोघांचा एकमेकांवर भारी जीव.

एका लढाईत तिंदुक हत्तीवरून कोसळला आणि त्याची मांडी मोडली. राजवैद्य सोमिलाने हाड बसवले. कळा सोसवेनात म्हणून अफूची गोळी सुरू केली. तेवढ्यापुरते ते औषध योग्यच होते. पाय बरा झाला, तिंदुक चालू लागला, गोळी मात्र सुटेना. विचारले की म्हणे, "ठणका आहे अजून." वैद्याने गोळी एकाएकी बंद केली, तेव्हा तो गजशाळेतली अफू चोरू लागला. लढाईआधी हत्तींना चारण्यासाठी ती तिथे ठेवलेली असे.

खरे दुखणे निराळेच होते. पडल्या दिवसापासून त्याच्या मनात भीती घर करून बसली होती. हत्तीच्या मानेवर चढायचे म्हटले की छातीत धडधडे, तळहातांना घाम फुटे. गोळी घेतली की घटकाभर बरे वाटे. अंमल उतरला की तीच भीती दुपटीने उसळे, आणि बिचाऱ्याला वाटे, पायच दुखतोय. हत्तीला मात्र सारे कळत होते. माहूत हत्तीला हाकतो ते कानामागे पायाचा अंगठा दाबून, आणि तिंदुकाचा अंगठा हल्ली नुसता थरथरत असे.

युवराजाच्या अभिषेकाची मिरवणूक निघाली. अंबारीत युवराज, मानेवर तिंदुक. मिरवणूक नीट पार पडली की हा हत्ती मंगलहत्ती ठरणार होता, म्हणजे सोन्याची झूल, जन्मभर ऊस आणि लढाईपासून कायमची सुटका. पण गजशाळेतली अफू संपली होती, आणि तिंदुकाच्या पोटात सकाळपासून गोळी गेली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाया कडेवर पोरे घेऊन उभ्या होत्या. चौकात नगारा झडला आणि तिंदुक हादरला. त्याचे दोन्ही अंगठे हत्तीच्या कानांमागे थडथड आपटू लागले. रणांगणावर या खुणेचा अर्थ एकच होता, समोर येईल ते तुडवत चल.

लहानपणापासून अंगात मुरलेली शिकवण ती. हत्तीचा पाय उचलला गेलाच. खाली फुलांचे तबक घेतलेली एक म्हातारी होती. बोधिसत्त्वाने तो पाय अधांतरी आवरला, मागे घेतला आणि तो जागच्या जागी उभा राहिला. तिंदुकाला वाटले, हत्ती बिथरला. त्याने अंकुश मारला, पुन्हा मारला. रक्त डोळ्यांत उतरले तरी हत्ती हलला नाही.

युवराजाला कसेबसे खाली उतरवले. चोरीही उघडकीला आली. राजा म्हणाला, "याला सुळावर चढवा."

तेव्हा हत्ती बोलला. "महाराज, आधी ऐका. याचा पाय केव्हाच बरा झालाय. भ्यालेलं मन बरं करायचं राहून गेलं. ते हा अफूनं झाकत बसला, आणि अफूनं भीती वाढवलीच."

तिंदुक खाली मान घालून म्हणाला, "माहूत असून हत्तीवर चढायला भितो, हे सांगायचं कुणाला?"

सोमिल पुढे आला. "हा पाय दुखतो म्हणाला, मी पायच बघत राहिलो. गोळीही हळूहळू उतरवायला हवी होती, महाराज."

राजा हत्तीला म्हणाला, "यानं तुला रक्तबंबाळ केलं आणि तू त्याचीच रदबदली करतोस? मिरवणूक मोडली तरी तू माणसं वाचवलीस, मंगलहत्तीचा मान तुझाच आहे. तो घे आणि याला विसर."

"तो मान दुसऱ्याला द्या," हत्ती म्हणाला. "मला हा माणूस द्या."

राजाने दोघांना रानाकडेच्या जुन्या गजशाळेत धाडले. सोमिल गोळी थोडी थोडी कमी करीत गेला. वाईट दिवशी तिंदुक सोंडेला मिठी मारून कापत बसे, आणि हत्ती तसाच उभा राही. मध्येच घसरून पुन्हा अफू घेतली, रडला, पुन्हा सोडायच्या मागे लागला. पुढे एका सकाळी तो आपणहून मानेवर चढला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे आजचा स्थविर देवमित्र. तिंदुक म्हणजे तुमच्यातलाच हा भिक्षू वप्पिल, ज्याचे हात कापतात म्हणून तुम्ही कालपासून हसता आहात. आणि तो हत्ती मी होतो."

शास्ता उठून वप्पिलाशेजारी जाऊन बसले. भ्यालेल्याजवळून न हलणे, हीच करुणा होय.