मातीच्या पाव्याची सोडवण

एका राज्यात डोंगरांना दारं होती, पाखरांना वाचा होती, आणि म्हाताऱ्यांना मरण नको होतं.

त्या राज्यात एक पावा होता. काळ्या मातीचा, भाजताना एका अंगानं जरा वाकलेला. दिसायला एवढासा, पण त्याच्या पोटात तीन गाणी होती. मेघाचं गाणं वाजवलं की पाणी येई. वाटेचं गाणं वाजवलं की डोंगर दुभंगे. थांबण्याचं गाणं वाजवलं की ऐकणारा जागच्या जागी दगड होई. वाजवणाऱ्याला मात्र काही होत नसे.

प्रत्येक गाण्याला बांधण असे आणि सोडवण असे. बांधणीनं गोष्ट घडे, सोडवणीनं ती मोकळी होई. थांबण्याच्या गाण्याची सोडवण तीन ओळींची होती आणि ती एकाच थोर गुरूला येत होती. एकाला सगळं दिलं तर तो माजेल, म्हणून गुरूनं आपल्या तीन शिष्यांना एकेक ओळ दिली. म्हणाला, "तिघं मिळून गा. आणि आपली ओळ पुढं द्यायची ती मरणाच्या उंबऱ्यावर, त्याआधी नाही." एवढं बोलून तो गेला.

त्याच्या तेराव्यालाच, पहिल्या पंगतीत कोण बसणार यावरून, तिघांचं वाजलं. पहिला रुसून मठाच्या विहिरीत उतरला आणि कासव झाला. दुसरा शापित खजिन्यावर जाऊन बसला आणि जादूगार झाला. तिसरा राजाच्या पायाशी बसला आणि आचार्य झाला. पुन्हा ते तिघं कधी एकत्र गायले नाहीत.

त्या आचार्यांच्या मठात रुई नावाची मुलगी पाणी भरायची आणि गाणं शिकायची. पाणी जास्त, गाणं कमी. एक दिवस तिनं भर वर्गात विचारलं, "आचार्य, थांबण्याच्या गाण्याची बांधण शिकवता. सोडवण कधी?"

"आधी सेवा. ओळ वेळ आली की मिळते."

"कुणाची वेळ?"

"तोंड फार चालतं तुझं. बाहेर हो."

रुईनं घागर तिथंच उपडी केली आणि मठ सोडला. वेशीपर्यंत तिची धाकटी बहीण जाई पळत आली. आईबाप नव्हते, दोघीच एकमेकींना होत्या. जाईचे पुढचे दात नुकतेच पडले होते.

"ताई, मला पण ने."

"आधी डोक्यावर छप्पर बघते, मग तुला न्यायला येते. तू इथंच थांब."

जाई थांबली. अशी थांबली, की तसं कुणी थांबू नये.

झालं असं, की शेजारचा राजा चालून आला. तटावर दगड वाहायला माणसं हवी होती. मोठी माणसं मसलतीत गुंतली होती, म्हणून पोरांच्या डोक्यावर पाट्या दिल्या. राजा विजयध्वजानं आचार्य नादकेतूंना सांगितलं, "थांबण्याचं गाणं वाजवा." राजानं कानात मेण घातलं. प्रधानानं घातलं. सरदारांनी घातलं, त्यांच्या घोड्यांनाही घातलं. तटावरच्या पोरांना मेण द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आचार्यांनी गाणं वाजवलं. खाली शत्रूचं सैन्य दगड झालं. वर पोरं दगड झाली.

वर्ष उलटल्यावर रुईला रानात ही बातमी लागली. ती आली तेव्हा आचार्यांनी टाकून दिलेला पावा तटाखाली चिखलात पडला होता. शापाच्या भीतीनं त्याला कुणी हात लावला नव्हता. तिनं तो उचलून पदरानं पुसला आणि वर चढली. दगडाच्या मुलांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. कपाळाला कुंकू होतं. त्यांना आता 'शिळावीर' म्हणत आणि दर पुनवेला आरती करत. तटाला एके ठिकाणी भगदाड पडलं होतं, तिथं प्रधानानं काही पोरं आडवी रचून चुना भरला होता.

जाई कोपऱ्यात उभी होती. डोक्यावर पाटी, तोंड अर्धवट उघडं, पुढच्या दातांची खिंड तशीच. पाटीत एक भारद्वाज बसला होता.

"हिला सोडवायचं कसं?" रुईनं विचारलं.

"तीन ओळी, तिघांकडे," पक्षी म्हणाला. "विहिरीतलं कासव, डोंगरातला जादूगार आणि मठातले आचार्य."

"तुला माहीत होतं?"

"वर्षभर इथं बसून आहे. आरती करून सगळे जातात. विचारलं कुणी नाही."

रुई आधी दरबारात गेली. राजा म्हणाला, "पोरी, सोडवण वाजली तर शत्रूही जागा होईल."

"आणि नाही वाजली तर?"

"तर राज्य सुखरूप आहे."

"महाराज, पोरांशिवायचं राज्य म्हणजे काय? तुम्ही आणि तुमचं सिंहासन?"

त्या मुलांचे बाप तिथंच होते, खाली माना घालून. एक जण हळूच म्हणाला, "आमचा तर शिळावीर झाला. मान आहे आता घराण्याला."

रुईनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती थुंकली. शिपायांनी तिला बाहेर काढलं. काढलं नसतं तरी ती थांबणार नव्हती.

मठाची ती जुनी विहीर कोरडी आणि खोल होती. रुईनं काठावर बसून मेघाचं गाणं वाजवलं. ढग आले, विहीर तुडुंब भरली, आणि पाण्याबरोबर कासव वर आलं. पाठीवर शेवाळ, डोळ्यांत जुना रुसवा.

"गुरुजी, तुमची ओळ द्या."

"मरताना देईन."

"कासव कधी मरतं?"

"तेच तर," कासव म्हणालं. "पण एक सौदा करू. मला म्हातारपणाचा कंटाळा आला आहे. तुझं तरुणपण दे."

"घेऊन काय कराल? पुन्हा विहिरीतच बसाल ना?"

"बसेन. पण तरुण बसेन."

रुईनं दिलं. पाण्यात तिनं आपले केस पांढरे होताना पाहिले, हातांवर सुरकुत्या चढताना पाहिल्या. पाठ वाकली. कासवानं एक ओळ गायली आणि चकाकत्या पाठीनं ते तळाशी जाऊन बसलं. त्याला काय करायचं होतं तरुणपणाचं? काही नाही. दुसऱ्याकडे आहे, एवढंच खुपत होतं.

आता चालताना धाप लागे. ती डोंगरापाशी पोचली आणि वाटेचं गाणं वाजवलं. डोंगर दुभंगला. आत सोन्याच्या राशीवर जादूगार बसला होता. त्या खजिन्याला शाप होता, की जो राखेल त्याला भूक लागेल पण घास गिळता येणार नाही. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"हे सोडून बाहेर का पडत नाही?" रुईनं विचारलं.

"मग ते दुसरा नेईल."

"नेऊ द्या की."

"आजी, तुला समजायचं नाही," असं तो तिला म्हणाला. तो तिच्या आज्याच्या वयाचा होता. "ओळ हवी ना? माझं नाव जगात कुणी घेत नाही. तुझं नाव मला दे, पेटीत ठेवीन. या राज्यात कुणाच्या कानाला ते पुन्हा ऐकू येणार नाही. तू सांगशील, आणि समोरच्याला नुसता वारा ऐकू येईल."

तरुणपण गेलं तरी जाईला नाव सांगता आलं असतं. मांडीवर घेऊन म्हणता आलं असतं, मीच गं ती. आता तेही जाणार होतं. मग तिला ती दातांची खिंड आठवली.

"घ्या," ती म्हणाली.

जादूगारानं नाव पेटीत टाकलं, कुलूप लावलं, आणि दुसरी ओळ गायली.

तिसरी ओळ घ्यायला ती मठात आली. आचार्य नादकेतू ओसरीवर लोडाला टेकून दूध पीत होते. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"आचार्य, थांबण्याच्या गाण्याची तिसरी ओळ द्या."

"बाई, ती मरणाच्या उंबऱ्यावर द्यायची असते."

"वाजवताना ठाऊक होतं ना, की सोडवण तुमच्याकडे पुरी नाही?"

"राजाज्ञा होती."

"आणि आता? दोन ओळी मी आणल्या आहेत. तुमच्या एका ओळीसाठी पोरं अडली आहेत."

आचार्यांनी वाटी खाली ठेवली. "ओळ दिली की गुरू जातो. माझ्या गुरूंनी दिली आणि ते गेले."

"ते जाणारच होते, म्हणून दिली त्यांनी."

"परंपरा आहे, बाई."

"मग मरा."

मठात असं कुणी कधी बोललं नव्हतं. रुईनं पावा ओठांशी नेला आणि बांधणीचा पहिला सूर लावला. आचार्यांच्या पायाची बोटं पांढरी पडली, मग खरखरीत झाली. ते ओरडले, "थांब! मला सोडवणार कोण?"

"कुणी नाही. आम्ही आरती करू."

मग आचार्यांनी डोळे गच्च मिटले आणि तिसरी ओळ गायली. रडत गायली, बेसूर गायली. गाऊन झाल्यावर ते भिंतीला धरून मरणाची वाट पाहत बसले.

ते मेले नाहीत. काहीच झालं नाही. बोटांत रक्त परतलं. दुधावर माशी बसली होती, त्यांनी ती हाकलली.

रुई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. म्हणजे जाई वर्षभर उन्हापावसात उभी होती ती एवढ्यासाठी. तिला ओरडायचं होतं. पण म्हाताऱ्या छातीत तेवढा दमच उरला नव्हता.

काठी टेकत ती तट चढली. भारद्वाज पाटीतून उठून बुरजावर बसला. रुईनं तिन्ही ओळी सलग वाजवल्या.

खाली शत्रूचे सैनिक जागे झाले. तेही पोरंच होती, मिसरूडही न फुटलेली. त्यांच्या राजानं केव्हाच दुसरं सैन्य जमवून दुसरीकडे चढाई केली होती. त्यांनी भाले टाकले, पाणी मागितलं आणि ते आपापल्या घरच्या वाटेला लागले. विजयध्वज तळघरात लपला होता. त्याला कुणी शोधलंही नाही.

वर पोरं जागी झाली, गळ्यातल्या माळा ओरबाडून काढू लागली. भगदाडात रचलेल्यांपैकी जी फुटली होती ती उठली नाहीत. पुढं राजानं त्यांच्यावर छत्री बांधली आणि तिच्यावर स्वतःचं नाव कोरलं.

जाईनं पाटी खाली ठेवली. मान चोळली. समोर एक म्हातारी उभी होती, हात पसरून.

"मी रुई," म्हातारी म्हणाली. तटावरून वारा गेला.

जाई दोन पावलं मागं सरली. म्हाताऱ्या माणसांनीच तिला इथं आणून उभं केलं होतं. "माझी ताई येणार आहे," ती म्हणाली. "मला न्यायला. तिनं इथंच थांब म्हटलंय."

शाप सरला. नांगर चालू लागले, बाजार भरू लागला, मठात पुन्हा वर्ग सुरू झाले. फक्त आता एक म्हातारी वेशीजवळच्या झाडाखाली बसे आणि येईल त्या पोराला पावा शिकवी. सेवा नाही, पाणी भरणं नाही. ती सोडवण आधी शिकवायची आणि बांधण नंतर.

जाईही यायची, वेशीवर थांबायचंच होतं तिला. रस्त्यावर डोळे ठेवून ती ओळी घोटायची.

"आजी, माझी ताई पण वाजवायची. तुझ्यासारखंच, शेवटच्या सुराला जरा थांबायची."

"हो?"

"ती आली की तुला भेटवते."

"भेटव," म्हातारी म्हणे. "चल, पुन्हा म्हण. सोडवण, पहिल्यापासून."

त्या राज्यातल्या लोकांना तिचं नाव कधीच कळलं नाही. तुम्ही सीमेबाहेरचे, म्हणून तुम्हाला ऐकू आलं. ते लक्षात ठेवा, आणि एखादी ओळ राखून बसला असाल तर आजच देऊन टाका. मरत नाही माणूस तेवढ्यानं.