साखरी मुंगी आणि कर्ण्यातलं घूंऽऽ

ऐका हं, कान इकडे करा. एक होती मुंगी. तिचं नाव साखरी. साखरीकडे एक गाणं होतं. गाणं मोठं, पण आवाज एवढुस्सा! माईकशिवाय ते कुणाला ऐकू येणार?

गावात जत्रा भरली. मांडव सजला. साखरी तुरुतुरु माईकवर चढली. तिच्यामागे रांगेत सरपंच. हातात भाषणाचे कागद. केवढे? उशीएवढे!

साखरीने तोंड उघडलं. तेवढ्यात कर्णा ओरडला, "घूंऽऽऽ!"

गाणं गेलं बुडून.

साउंडवाले हणमंतमामा धावत आले. त्यांनी कर्ण्याला थापा मारल्या, थाप थाप! माईकमध्ये फुंकर मारली, फूऽऽ फूऽऽ! साखरी उडाली. पडली थेट मामांच्या मिशीत. घूं काही थांबेना.

मामा म्हणाले, "घूं थांबलं तर ठीक. नाहीतर कर्णा बंद! जेवायला चला!"

साखरीला रडूच आलं. नाक पुसलं आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, कर्ण्याकडे.

"कर्णादादा थांबेना, माझं गाणं होईना!"

कर्णा म्हणाला, "मी का थांबू? मशीनकाका घूं म्हणतात, म्हणून मी घूं म्हणतो. आधी त्यांना सांग. घूंऽऽऽ!"

तुरुतुरु तुरुतुरु, आवाज मोठा करणाऱ्या मशीनकडे.

"मशीनकाका थांबेना, कर्णादादा थांबेना, माझं गाणं होईना!"

मशीन म्हणालं, "मी का थांबू? माईकची वायरताई घूं म्हणते, म्हणून मी घूं म्हणतो. आधी तिला सांग. घूंऽऽऽ!"

तुरुतुरु तुरुतुरु, वायरताईकडे.

"वायरताई थांबेना, मशीनकाका थांबेना, कर्णादादा थांबेना, माझं गाणं होईना!"

वायरताई म्हणाली, "मी कशी थांबू गं? लाइटची जाडी वायरमावशी माझ्या अंगावर पडलीये. तीच माझ्या कानात घूं म्हणते. आधी तिला सांग. घूंऽऽऽ!"

तुरुतुरु तुरुतुरु, वायरमावशीकडे.

"वायरमावशी सरकेना, वायरताई थांबेना, मशीनकाका थांबेना, कर्णादादा थांबेना, माझं गाणं होईना!"

वायरमावशी म्हणाली, "मी कशी सरकू बाई? माझ्यावर कोण बसलंय बघ!"

साखरीने वर बघितलं. आणखी वर बघितलं. बसली होती म्हैस! रवंथ करत होती, चबक चबक.

"म्हैसआजी उठेना, वायरमावशी सरकेना, वायरताई थांबेना, मशीनकाका थांबेना, कर्णादादा थांबेना, माझं गाणं होईना!"

म्हैस म्हणाली, "उठायची नाही! गाणं ऐकायला आलेय मी. सकाळपासून जागा धरलीये. गाणं ऐकेन, मगच उठेन!"

"अगं आजी, तू उठलीस की गाणं!"

"गाणं झालं की उठणं!"

घ्या आता! साखरीने डोकं खाजवलं. मग शेपटीवर चढली. पाठीवर चढली. शिंगाला वळसा घातला. शिरली म्हशीच्या कानात! आणि गायली:

"वाट सोडा, वाट सोडा,
आला माझा बुंदीचा गाडा!
गाडा केवढा? दाण्याएवढा!
ओढतं कोण? मी, मी, मी!"

म्हैस हसली. म्हैस डुलली. म्हैस उठली, हुश्श!

म्हैसआजी उठली, वायरमावशी सरकली, वायरताई थांबली, मशीनकाका थांबले, कर्णादादा थांबला. सगळीकडे चिडीचूप!

साखरी माईकवर चढली.

"मामा, फुंकू नका!"

मामांनी तोंडावर हात ठेवला. साखरी गायली. सगळ्या जत्रेला ऐकू गेलं, "मी, मी, मी!" टाळ्याच टाळ्या!

मग सरपंच आले. घसा खाकरला. पहिला कागद उघडला.

म्हशीने जांभई दिली. पुन्हा वायरमावशीवर बसली. धप्प!

"घूंऽऽऽ!"

सरपंच म्हणाले, "अहो, उठवा तिला कुणीतरी!"

म्हैस म्हणाली, "आधी गाणं म्हणा!"

सरपंचांना एकही गाणं येईना.

हणमंतमामा म्हणाले, "कर्णा बंद! जेवायला चला!"

पंगत बसली. बुंदी आली. पहिला दाणा कुणाला? साखरीला! तिने तो डोक्यावर घेतला आणि निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वाट सोडा, वाट सोडा!"

सगळे बाजूला सरकले. सरपंचसुद्धा सरकले. आणि म्हैस? म्हैससुद्धा उठली!