भिंतीपलीकडचे पोहे

एकदा एका पाठशाळेत असा एक शिष्य होता, की त्याच्या तोंडून खोटा शब्द म्हणून निघत नसे. गाव त्याचं कौतुक करी, आणि ते कौतुक त्यालाही गोडच लागे.

पाठशाळेला लागून एका व्यापाऱ्याचं घर होतं. मधे दोन पुरुष उंचीची दगडी भिंत. व्यापारी मोठा दानशूर. देवळातल्या समईला तेल त्याचंच. त्याच्या बायकोचं नाव सुंद्रा. हे नाव मुद्दाम सांगायला हवं, कारण गावात तिला शेटाणीपलीकडे कुणी काही म्हणत नसे.

एका सकाळी सुंद्रा सुजलेलं तोंड घेऊन पंचांपुढे उभी राहिली. म्हणाली, "नवरा मारतो. लेकीला घेऊन मला माहेरी जाऊ द्या."

शेट हसला. "जिन्यावरून पडली हो. तोल जातो तिचा."

पंचांनी साक्षीदार मागितला. शिष्य रोज दुपारी त्या भिंतीच्या सावलीत बसून पाठ करी, म्हणून त्याला बोलावणं गेलं.

"काल दुपारी तू भिंतीपाशी होतास?"

"होतो."

"हिची किंकाळी ऐकलीस?"

"नाही."

आणि खरोखरच ऐकली नव्हती. पंच म्हणाले, हा काही खोटं बोलायचा नाही. उद्या सकाळपर्यंत दुसरा साक्षीदार आण बाई, नाहीतर मुकाट नांद. सुंद्राने शिष्याकडे एकदा पाहिलं आणि ती घरी गेली. दुसरीकडे जाणार कुठे?

पाठशाळेच्या वृद्ध आचार्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी शिष्याला मागे यायची खूण केली. गुरवाकडून ढोल मागून आणला, पूजेतली घंटी कमरेला खोचली आणि ढोल गळ्यात अडकवून भर दुपारी निघाले. शिष्य ओशाळून मागे मागे. पारावरून एकाने हटकलंच, "आचार्य, या वयात वरात कुणाची?"

"तुझी असती तर घोडासुद्धा आणला असता," म्हातारा म्हणाला आणि चालता झाला.

मोकळ्या माळावर त्यांनी शिष्याला दूर उभं केलं. घंटी वाजवली, ढोल वाजवला. दोन्ही स्वच्छ ऐकू आले. मग परत येऊन म्हणाले, "आता जा, रोजच्या जागी बस." आणि स्वतः शेटच्या अंगणात शिरले. शेट दुकानावर गेला होता. सुंद्रा लेकीला जवळ घेऊन दारात उभी राहिली. काय चाललंय ते तिला कळेना, पण म्हाताऱ्याला तिने अडवलं नाही.

शिष्य भिंतीला पाठ लावून बसला. धम्, धम्, ढोल आला. मधे भिंत नाहीच, असा आला. मग तो घंटीची वाट पाहू लागला. बराच वेळ गेला.

"गुरुजी, घंटी वाजवा की."

"केव्हाचा वाजवतोय," पलीकडून उत्तर आलं.

त्याने कान टवकारले. डास गुणगुणावा इतपत काहीतरी होतं. तो उठून भिंतीच्या टोकाशी गेला, जिथून आचार्य दिसत होते. घंटी खणखणीत कानात शिरली. दोन पावलं मागे सरकला, पुन्हा विरली. पुढे, मागे, पुढे, मागे. ज्या भिंतीला तो रोज टेकत होता, ती आवाज असा निवडून घेते हे त्याला कधी सुचलंही नव्हतं. म्हाताऱ्यापुढे हात जोडावेत असं त्याला वाटलं.

आचार्य ढोल उतरवून त्याच्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "तळ्यात खांब रोवलेला पाहिलायस ना? बारीक तरंग त्याच्यावर आपटून मोडतो, मागचं पाणी निवांत राहतं. लांब लाट मात्र खांबाला वळसा घालते आणि पलीकडे पुन्हा जुळते. आवाज ही हवेतली लाटच. चिरक्या आवाजाची लाट आखूड, तिला भिंत अडवते. खर्जातल्या आवाजाची लाट लांब, ती भिंतीच्या माथ्यावरून वाकून अलीकडे उतरते. किंकाळी तुला आली नाही, हे अगदी खरं."

शिष्याला हायसं वाटलं.

"आता जे आलं, ते सांग."

शिष्याची नजर भिंतीकडे गेली. मग म्हणाला, "धप धप आवाज आला होता. आणि शेटचं गुरगुरणं. मला वाटलं, पोहे कांडताहेत."

"कालच?"

"नाही. अधूनमधून येतो. बऱ्याचदा येतो."

"एवढे पोहे खातं कोण रे त्या घरात? माणसं अडीच."

"गुरुजी, मला किंकाळीबद्दलच विचारलं होतं."

"हो. आणि तेवढंच सांगून तुला मोकळं होता आलं. तिचा आवाज भिंतीने अडवला. दगडाचा धर्मच तो. बाकीचा आवाज तुझ्यापर्यंत आला होता. तो तू अडवलास."

दुसऱ्या दिवशी पंचांनी सुंद्राला विचारायच्या आत शिष्य पुढे झाला. त्याने धपाटे सांगितले, गुरगुरणं सांगितलं. शेट उसळला, "काल का नाही बोललास?"

"खरं बोलण्याचं नाव हवं होतं, खऱ्याचा ताप नको होता," शिष्य म्हणाला.

 मग मागून शेटच्या दुसऱ्या बाजूची शेजारीण, एक म्हातारी, पदर सावरत उठली. "आमच्याकडंबी यायचा तो आवाज. आमी त्याला पोहेच म्हणायचो." तिच्या पाठोपाठ आणखी एक उठली. शेटने एकेकाकडे पाहिलं. त्याच्या बाजूने बोलायला कुणी उठलं नाही. पंचांनी सुंद्राला लेकीसह माहेरी जायला मोकळीक दिली.

आचार्यांच्या सांगण्यावरून शिष्य तिचं गाठोडं घेऊन ओढ्यापर्यंत गेला. वाटेत ती लेकीचं बोट धरून पुढे चालत राहिली. पाण्याच्या काठाशी तिने गाठोडं मागून घेतलं, लेकीला कडेवर चढवलं.

"उशीर केलात," ती म्हणाली. "पण आलात."

ती ओढा उतरून गेली. यावर आपल्याला बोलण्यासारखं काहीच नाही, एवढं शिष्याला कुणी न शिकवता कळलं, आणि ती वळणाआड होईपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला.