नानांची पांढरी वाईन

"मग तुम्ही स्वतः कोणती पिता, नाना? रेड की व्हाइट?"

"लाल."

"कायम?"

"कायम."

शार्दूल निरगुडेने समाधानाने मान हलवली. एवढंच ऐकायला तो नाशिकहून दुपारच्या उन्हात गाडी चालवत आला होता.

दगूनाना ढिकले बाकावर बसून रबरी नळी धूत होते. दिंडोरीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी त्यांची छोटी द्राक्षबाग होती आणि बागेला लागून एक पत्र्याची शेड. शेडमध्ये स्टीलच्या चार टाक्या. शार्दूल वाईन करायला पहिल्यांदा शिकला तो इथेच, याच माणसाच्या हाताखाली. नंतर तो इटलीला गेला, तिथलं शिक्षण घेऊन आला. आता एका मोठ्या वायनरीत वाईनचं सगळं काम त्याच्याच हाती होतं.

"मालक म्हणतात, पुढच्या हंगामात व्हाइट करा. लोकांना हलकी, गार पाहिजे. मी सरळ सांगितलं, नाही करणार."

"मग?"

"राजीनामा लिहिलाय. उद्या देतो. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

नानांनी नळी झटकली.

"व्हाइट ही काय वाईन आहे का, नाना? ज्यांना रेड झेपत नाही त्यांच्यासाठी ती. तुम्हीसुद्धा रेडच पिता."

"पितो की."

शार्दूलने पिशवीतून बाटली काढली. त्याने केलेली रेड होती. नानांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले...

"चांगली झालीय," ते म्हणाले. "अगदी तुझ्यासारखी."

शार्दूल खूश झाला. मग हे कौतुकच होतं ना, अशी त्याला शंका आली. पण नाना तोवर उठले होते.

"आलायस तर जरा हातभार लाव. या दोन टाक्यांतली पांढरी आज एकत्र करायचीय. ही किती न् ती किती, ते ठरवू."

"तुम्ही सांगा, मी ओततो."

"मी नाही सांगायचं."

नाना शेडच्या दारात गेले.

"अगं ए... ये जरा!"

चंद्रकलाकाकू मेथीच्या वाफ्यातून उठून आल्या. पदराला हात पुसत खुर्चीवर बसल्या.

"कधी आलास रे? वाळलायस."

शार्दूल हसला. त्याने दोन्ही टाक्यांतली वाईन काचेच्या भांड्यात निम्मी-निम्मी घेतली, हलवली, नाक लावून वास घेतला, चाखली.

"हे बरोबर आहे. आंबटपणा अगदी नेमका. घ्या, काकू."

काकूंनी स्टीलच्या फुलपात्रातून घोट घेतला.

"चांगलंय बाबा." आणि फुलपात्र खाली ठेवलं.

"चला, झालं!"

"थांब," नाना म्हणाले. "ती दुसरा घोट घेते का बघ."

काकू दाराबाहेर बघत बसल्या होत्या.

"अहो, चांगलंय म्हटलं ना."

"मग पी की."

"नको."

नानांनी एक रिकामं क्रेट उलटं केलं आणि काकूंच्या समोर बसले.

"काय होतंय?"

"टोचतंय." काकूंनी गालावर बोट ठेवलं. "इथं, आत."

नानांनी दुसऱ्या टाकीतली थोडी जास्त घातली.

"आता?"

"आता पाणीच झालं."

पुन्हा ओतलं. पुन्हा विचारलं. असं चार-पाच वेळा झालं. शार्दूलने दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काकू, व्हाइट अशीच असते हो."

"असंल. मला काय कळतंय त्यातलं!" काकू उठल्याच. "मेथी राहिलीय माझी."

नानांनी त्यांचा हात धरला.

"बस गं. त्याला अजून कळत नाही. तुला कळतंय."

काकू बसल्या, पण रुसल्यासारख्या. शार्दूलने मान खाली घातली.

"चुकलं, काकू."

"असू दे रे." त्या लगेच विरघळल्या. "तुझी बायको पिते का हे?"

"पिते. व्हाइटच पिते. तीही बर्फ घालून!" तो हसला.

"बर्फ का घालते?"

"... माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

बायकोने, मृण्मयीने, बर्फाचा ट्रे काढला की शार्दूल दर वेळी चेष्टा करायचा. हल्ली ती त्याच्यासमोर पीत नसे.

नानांनी आणखी एकदा ओतलं. काकूंनी घोट घेतला. मग मेथीला यंदा लवकर फुलं आली, असं सांगू लागल्या. शेजारच्या गाईला कालवड झाली, तिच्या कपाळावर कसा चांद आहे, तेही सांगितलं. सांगता सांगता घोट चालू होते. फुलपात्र तोंडाला लावलं, तर ते रिकामं!

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "संपलं वाटतं."

नानांनी खडू घेऊन टाकीवर लिहिलं : सातास तीन. मग फुलपात्र पुन्हा भरून काकूंच्या हातात दिलं. ते सांभाळत काकू वाफ्याकडे गेल्या. त्या वाफ्यात जाऊन बसेपर्यंत नाना बघत राहिले.

"तुम्ही एकदाही चाखली नाहीत, नाना."

"चाखून काय करू? मला पांढरी आवडत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"पण मुंबईपासून लोक येतात ते तुमच्या व्हाइटसाठी! तुमची रेड तर..." शार्दूलने जीभ चावली.

"बोल, बोल. माझी लाल कोणी मागत नाही." नाना पोट धरून हसले. "मी पितो म्हणून संपते!"

शार्दूलने भांड्यात उरलेली वाईन स्वतःच्या ग्लासात घेतली. सातास तीन. एक घोट घेतला. थांबला... मग दुसरा घेतला.

बाहेर काकू मेथी खुडत होत्या. मधूनच फुलपात्र उचलत होत्या.

"राजीनामा नाही देत," तो हळूच म्हणाला. "मालकांना सांगतो, व्हाइट करून बघतो. पण नाना... मला ती आवडत नाही हो. न आवडणारी वाईन माझ्या हातून चांगली होईलच कशी?"

नाना पुन्हा नळी धुवायला बसले होते. त्यांनी मान वर केली.

"लाल करताना मी कोणाला काही विचारत नाही, शार्दूल. पांढरी करताना विचारावं लागतं."