काडतुसावरचा नफा

डोंगरपायथ्याच्या एका बाजारगावात एकदा काडतुसे विकणारा एक वृद्ध राहत असे. दचकू नका. त्या भागात रानडुकरांचा उपद्रव फार; भुईमुगाचे उभे शेत एका रात्रीत उकरून टाकायची. त्यामुळे पीकरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक वाडीवाडीला असे, आणि बंदूक म्हटली की काडतूस आलेच. त्या वृद्धाला सगळे आबा म्हणत. लोक त्यांच्याकडे बंदुका घेऊन येत तशी घरातली भांडणेही घेऊन येत, आणि आबा दोन्ही साफ करून देत.

त्यांच्या धंद्याची रीत मात्र कुणाला कळत नसे. बंदुकीची दुरुस्ती, तेल, पट्टे, बॅटऱ्या यांवर ते रीतसर नफा घेत. काडतूस तेवढे आणलेल्या भावाने विकत, वर फक्त गाडीभाडे. शिवाय सुगी संपली की ज्याची जितकी उरली असतील तितकी, विकली त्याच भावाने परत घेत. शेजारचा कापडव्यापारी येता-जाता टोमणा मारी, "काय आबा, दुकान काढलंय की पाणपोई?"

"पाणपोईच म्हणा की शेटजी," आबा म्हणत. "इथलं पाणी कुणाला प्यावं लागू नये, एवढंच."

आबांच्या हाताखाली हणमंत नावाचा एक तरुण काम शिकत होता. पोरगा कष्टाळू, डोक्याने तल्लख. त्याची सोयरीक जवळजवळ जमली होती; पण मुलीच्या बापाने तोंडावर सांगितले होते, "दुसऱ्याच्या गादीवर बसणाऱ्याला मुलगी देत नाही. स्वतःचं दुकान दाखवा, मग बोलू." तेव्हापासून हणमंताचा जीव त्या दुकानात अडकला होता. त्या वर्षी आबांना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे जावे लागले. निघताना ते म्हणाले, "सुगीभर तू बघ. नीट चालवलंस तर आल्यावर दुकान तुझं."

नीट चालवणे म्हणजे काय, हे हणमंताने विचारले नाही. त्याला वाटले, त्यात विचारायचे काय?

त्याने सरळ हिशोब केला. दुसरे दुकान पार जिल्ह्याच्या गावी, म्हणजे गिऱ्हाईक जाणार कुठे? काडतुसाचा भाव दीडपट केला, तरी घेतली. दुप्पट केला, तरी घेतली. पीक उभे असताना माणूस घासाघीस करत नाही. मग त्याने दारावर पाटी लावली: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. एका म्हाताऱ्याने पाटीकडे बघून विचारले, "का रे, आबा तर घ्यायचे?" हणमंत म्हणाला, "आबांचं वय झालं, मामा. धंदा आहे हा."

गल्ला भरू लागला. आणि माणसाचे मन कसे असते बघा. सुगीच्या मध्यात एक शेतकरी हसत आला आणि म्हणाला, "यंदा डुकरांनी आमच्याकडे पाठ फिरवली बुवा!" हणमंताच्या डोळ्यांपुढे न विकलेली काडतुसे आली. तो पटकन बोलून गेला, "एवढ्यात काय सांगता? अमावास्या जायचीय अजून. पलीकडच्या वाडीत कळपच्या कळप बघितलेत म्हणे." कुणीही काही बघितले नव्हते. शेतकऱ्याचे हसू मावळले आणि त्याने परवान्यावर मिळत होती तितकी सगळी काडतुसे घेतली.

सुगी संपली. नांगरट सुरू झाली. पलीकडच्या वाडीत सुभाना नावाचा शेतकरी आणि त्याचा चुलत भाऊ यांच्यात बांधावरून भांडण झाले. तसे ते दरवर्षीच होई. शिव्या होत, एखादे डोके फुटे, पंधरा दिवसांनी दोघे एका बैलगाडीतून बाजाराला येत. यंदा मात्र सुभाना तावातावाने घरात गेला तेव्हा काडतुसे घरातच होती. चुलत भाऊ बांधावरच गोळी लागून गेला. सुभानाला पोलिसांनी नेले.

गावात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. हणमंतही हळहळला, पण त्याला वाटले, भांडण जमिनीचे, त्यात दुकानाचा काय संबंध?

आठवड्याने आबा परतले, डोळ्यावर हिरवी पट्टी. हणमंताने गल्ला उघडून त्यांच्यापुढे केला. "आबा, एवढी कमाई या दुकानानं कधी पाहिली नसेल."

आबांनी गल्ल्यात पाहिलेच नाही. "परत किती आली?"

"एकही नाही. पाटी लावलीय ना."

आबा हळूच खाली बसले. मग म्हणाले, "हणमंता, बाकीचा माल वापरला गेला तर गिऱ्हाइकाचं भलं होतं. हा माल वापरावा न लागण्यात त्याचं भलं. यावर नफा ठेवला असता, तर रोज संध्याकाळी मी डुकरांची वाट बघत बसलो असतो. डुकरं आली नाहीत, तर माणसांच्या भांडणाची बघितली असती. नफा वाईट नसतो रे. पण तो ज्या दिशेला असतो, त्या दिशेला मन नकळत तोंड करून बसतं. मला माझ्या मनाचा भरवसा नव्हता, म्हणून ते दारच बंद ठेवलं होतं. तुला रीत दाखवली, कारण नाही सांगितलं. चूक माझीही आहे."

हणमंताला अमावास्येचे स्वतःचे बोलणे आठवले. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली, गल्ला पिशवीत भरला आणि तो वाडीवाडी फिरू लागला. ज्या भावाने विकली त्याच भावाने परत मागू लागला. काहींनी दिली. काही हसले, "परत कशाला? पुढच्या साली अजून महाग करशील ना? असू दे घरात."

शेवटी तो सुभानाच्या दारी गेला. सुभानाची आई ओटीवर बसली होती. त्याला ओळखून तिने आत हाक मारली, "अगं, पाणी आण, दुकानवाले आलेत." हणमंताने पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. तो चाचरत म्हणाला, "मावशी, उरलेली काडतुसं न्यायला आलोय. पैसे देतो."

"न्यायला?" म्हातारी चकित झाली. "अरे बाबा, मी तर धाकट्याला तुझ्याकडेच धाडणार होते. मोठ्याची बंदूक पोलिसांनी नेली, धाकट्याची आहे अजून. बांधापलीकडचे गप्प बसायचे नाहीत. मला एक लेक तरी राहू दे." तिने कमरेची चंची सोडली. "किती आहेत तुझ्याकडं? भाव कितीही सांग, मी घासाघीस करणार नाही."

हणमंत रिकाम्या हाताने परतला आणि घडले ते आबांना सांगितले.

"मग काय भाव सांगितलास?" आबांनी विचारले.

"सांगता आला नाही, आबा. धाकट्याला घेऊन तुमच्याकडं या, एवढंच म्हणालो. बांधापलीकडच्यांनाही तेच सांगून आलो. येतील की नाही, माहीत नाही."

आबांनी दुकानाची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. ज्या किल्लीसाठी त्याने सगळी सुगी तळमळत काढली, ती उचलायला हणमंताचा हात लवकर पुढे झाला नाही.